आजोळचा अनंत आणि बोअरचं पाणी

काकू, नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी आजोळहून, कुडाळजवळच्या गावाहून, मामीने अनंताचं गुटी कलम बांधून दिलं. तिथे विहिरीच्या वाटेवर तो पुरुषभर उंच वाढलाय. कुणी ढुंकून बघत नाही, तरी पावसाच्या तोंडाला नुसता पांढरा होतो. आमच्याकडे पुण्यात, पाचव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गच्चीत, १४ इंची कुंडीत तो जगलाय, एवढंच. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मागच्या वर्षी २४ कळ्या मोजल्या होत्या. शिमग्याला चार दिवस गावी जाऊन आलो, आल्या आल्या भरपूर पाणी घातलं, पण पुढच्या आठ दिवसांत हात लावला की कळी हातात. एकही उमलली नाही. व्हिडिओ बघून अंड्याची टरफलं, केळ्याच्या सालीचं पाणी, शेणीची राख, एप्सम सॉल्ट असं सगळं करून झालं. सोसायटीचं वापरायचं पाणी बोअरचं आहे. आता पुन्हा ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसतायत. सासूबाई म्हणतात, कोकणातलं झाड घाटावर लागत नाही, काढून टाक आणि मोगरा लाव. आई मे महिन्यात राहायला येणार आहे. तिला केसात माळायला एक तरी फूल हवंय. फोटो जोडलेत.

तुमची भाची समजा, कोथरूड

*

भाची म्हणून सही केलीस, तेव्हा अगं-तुगं करते. आधी एक काम कर. हे उत्तर वाचून होईपर्यंत कुंडीत काहीही घालू नकोस. राख नाही, साल नाही, टरफल तर मुळीच नाही. तुझ्या अनंताला कुठलाही रोग नाही. त्याच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तू दोन्हींवर मिळून एकच औषध शोधते आहेस, म्हणून काही लागू पडत नाहीये.

पहिली तक्रार पानांची. तुझ्या दुसऱ्या फोटोत शेंड्याकडची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी आहेत आणि त्यात शिरांची हिरवी जाळी उठून दिसते. खालची जुनी पानं मात्र बऱ्यापैकी गर्द आहेत. पिवळेपणा कुठून सुरू झाला, हे नेहमी बघायचं. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं सरसकट फिकी होतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, त्यामुळे ते इथे उगाच गेलं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. झाड लोह जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकत नाही. नव्या पानाला रोजचं लोह मुळांकडूनच यावं लागतं, आणि तेच येत नाहीये.

आता गंमत बघ. तुझ्या कुंडीत लोह नाही असं नाही. मातीत ते भरपूर असतं, पण माती चुनखडी झाली की ते गंजासारखं घट्ट होऊन बसतं आणि मुळांना उचलता येत नाही. अनंताला माती आंबट लागते. सामू, म्हणजे ज्याला पीएच म्हणतात तो, ५ ते ६ च्या आसपास असला की तो खूश. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू साधारण तिथेच असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो चुना आणि इतर क्षार धुऊन नेतो. मागे उरते ती लाल, आंबट माती. घाटाच्या वर आलं की काळ्या कातळाची माती, पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुऊन काही जात नाही, सामू साडेसातच्या पुढे. खणताना पांढरे खडे लागतात ना, तो चुनाच. बोअरचं पाणी याच खडकातून मुरून वर येतं. म्हणजे तू रोज सकाळी कुंडीत थोडा थोडा चुना ओततेस. शिवाय वरून अंड्याची टरफलं (पुन्हा चुना) आणि राख (तीही आंबटपणा मारणारीच). सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. घाटावर अनंत लागतो, पण घाटाचं पाणी त्याला मानवत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः करून बघ. फोटोत कुंडीच्या काठावर पांढरं कडं दिसतंय, ते नखाने खरवड. कुंडीतली चमचाभर माती वाटीत वाळव आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाक. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत चुना साठलाय. (टरफलाचे तुकडे आधी वेचून काढ, नाहीतर तेच फसफसतील आणि मला दोष देशील.) आणि तुझ्या त्या बोअरच्या पाण्यात कधी तूरडाळ शिजवून बघ. लवकर गळत नाही. साबणाला फेसही धड येत नाही. ज्या पाण्याला डाळ कंटाळते, त्याला अनंतही कंटाळतो.

तेव्हा औषधाच्या आधी पाणी बदल. एवढ्या कुंडीला आता रोज लिटर-दीड लिटर लागत असेल, एप्रिलात अडीच-तीन. स्वयंपाकघरातल्या नळाला धरणाचं पाणी येत असेल तर ते बोअरइतकं जड नसतं. पिण्याचं पाणी उन्हाळ्यात झाडाला घालायचं म्हणजे जिवावर येतं, मला कळतं. पण डाळ-तांदळाचं धुवण तर तू रोज मोरीत ओततेसच. दोन वेळचं मिळून बरोबर तेवढंच भरतं. त्यात मीठ नको आणि ते शिळं ठेवायचं नाही, त्याच दिवशी घालायचं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी तर उत्तमच, त्यात क्षार नसतात. शेजाऱ्यांच्या एसीखाली बादली ठेवायला लाजू नकोस. मात्र आरओच्या यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी चुकूनही नको. पाणी वाचवायचं म्हणून खूप जण ते झाडांना घालतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. तो बोअरच्या पाण्याचा आटवलेला काढा समज.

एवढं करूनही कधी बोअरचंच घालायची वेळ आली तर त्यात लिंबूसत्व मिसळायचं, वाण्याकडे मिळतं ते. दहा लिटरच्या बादलीत पाव चमचा टाकून ढवळ आणि पीएच पेपरची पट्टी बुडवून बघ. रंग सहा-साडेसहाला आला की थांब. नाही आला तर आणखी चिमूटभर. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं असतं, त्यामुळे पहिल्यांदा पट्टी लावून माप ठरवायचं, मग तेच माप रोज. पट्ट्यांची डबी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, फार महाग नसते. लिंबू पिळूनही चालतं, पण उन्हाळ्यातला लिंबाचा भाव बघता ते सरबतालाच ठेव.

पाणी बदललं तरी साठलेला चुना लगेच जाणार नाही, म्हणून या वर्षापुरतं लोह बाहेरून द्यावं लागेल. शेतीच्या औषधांच्या दुकानात जा आणि 'चिलेटेड लोह, ईडीडीएचए' असं नीट नाव सांगून माग. चिलेटेड म्हणजे लोहाला दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते मातीत घट्ट होत नाही. दुकानदार बहुतेक वेळा ईडीटीए पुढे करतो, कारण ते स्वस्त असतं आणि जास्त खपतं. ते आंबट मातीत ठीक आहे. आपल्यासारख्या चुनखडी मातीत ते फार टिकत नाही, त्यातलं लोह पुन्हा घट्ट होतं. ईडीडीएचए मात्र सामू आठ-नऊ झाला तरी लोह सोडत नाही. द्राक्षवाल्यांना ते चांगलं माहीत असतं, त्यामुळे नाशिक-सांगलीकडचे कुणी ओळखीचे असतील तर पाकिटातलं दोन चमचे मागून घे, तुला दोन वर्षं पुरेल. भुकटी गडद तपकिरी, पाण्यात टाकली की रंग लालभडक होतो. लिटरला एक ग्रॅम, आधी साधं पाणी घालून ओल्या केलेल्या मातीत, संध्याकाळी. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एकदा, आणि मग पुरे. शेंड्याला येणारं नवं पान हिरवं यायला लागलं की समजायचं, लागू पडलं. आधीच पिवळी झालेली सगळी पानं सुधारतील असं नाही, त्यांच्याकडे बघून डोस वाढवू नकोस.

वाढवू नकोस हे मी अनुभवाने सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याही अनंताची अशीच गत होती. कुणीतरी सांगितलं, हिराकस घाल, लोखंडाचं असतं. मी मोठा चमचाभर हिराकस कोरडाच बुडाशी पसरला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. दोन दिवसांत पानांच्या कडा काळ्या, आठवड्यात अर्धं झाड नागडं. कुंडीखालून वाहिलेल्या पाण्याचा गंजाचा डाग बाल्कनीच्या फरशीवर अजून आहे. चिंच, लिंबू, बाजारातली बाटली, सगळं घासून झालं. ह्यांना पाहुण्यांना तो डाग दाखवायला फार आवडतं. हिराकस वाईट नाही, पण चुनखडी मातीत तो घटकेत निकामी होतो आणि जास्त झाला तर मुळं जाळतो. कुंडीतल्या झाडाला माझ्याकडून नको.

आता दुसरी तक्रार, कळ्यांची. याचं उत्तर तूच पत्रात लिहून गेली आहेस आणि तुझं तिकडे लक्षच नाही. 'शिमग्याला चार दिवस गावी जाऊन आलो, आल्या आल्या भरपूर पाणी घातलं.' बाई गं, तिथेच सगळं झालं.

कळी आणि देठ जिथे जुळतात ना, तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. मुळं कोरडी पडली की झाड तिथून हात सोडायला लागतं. अनंताचा हिशेब सरळ आहे: पाणी तुटलं तर आधी कळ्या, मग पानं, मग फांद्या. हा निर्णय त्या चार कोरड्या दिवसांत झाला. कळ्या मात्र पुढचे आठ दिवस जागेवर नुसत्या टेकून होत्या, म्हणून तुला वाटलं की पाणी घातल्यावर गळल्या. त्यात वाळून आकसलेल्या मातीवर तू एकदम बादली ओतलीस. थोडं पाणी कडेच्या फटीतून खाली निघून गेलं, उरलेल्याने तळाच्या मुळांचा श्वास कोंडला. केळ्याच्या सालीने यात काय होणार होतं?

अनंताला कळ्या धरल्यापासून उमलेपर्यंत दोन-तीन महिने लागतात. या काळात त्याला कुठलाही धक्का सोसत नाही. तहान, पुराचं पाणी, खताचा मोठा डोस, कुंडी बदलणं, इतकंच काय, कुंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवणंही. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की रात्री गरम झाल्या की कळ्या गळतात. असेल. पण मे महिन्यात कुडाळच्या रात्री कुठे थंड असतात? तिथे हवेला ओल असते. पुण्यात एप्रिलात दुपारी कोरडा वारा सुटतो आणि पाचव्या मजल्यावर तो भणाणत येतो, पान पाणी फेकतं तेवढं मूळ ओढू शकत नाही. माझ्या मते आपल्याकडे तापमानापेक्षा हा वाराच जास्त कळ्या खातो.

म्हणून कुंडी सावलीत नेऊ नकोस, सावली कुंडीकडे आण. कठड्याला पश्चिमेकडून जुनी सुती साडी किंवा पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांध, दुपारी दोननंतरचं ऊन आणि वारा अडेल एवढी. सकाळपासून दुपारपर्यंतचा उजेड त्याला हवाच, नाहीतर नुसती पानं येतील. आजूबाजूला इतर कुंड्या दाटीने लाव, त्यांच्या ओलाव्याचा आडोसा होतो. पानांवर फवारे मारत बसू नकोस. दहा मिनिटांत सुकतं आणि बोअरचं असलं तर पानावर पांढरे ठिपके राहतात. त्यापेक्षा कुंडीच्या मातीवर वाळक्या पानांचा किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा बोटभर थर दे. रोज सकाळी थर बाजूला सारून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाल. गार आणि ओलसर लागलं तर पाणी नको, कोरडं लागलं तर तळातून ठिबकेपर्यंत द्यायचं. ताटलीत साठलेलं लगेच ओतून टाकायचं.

शिमग्याला तू या वर्षीही जाणार, ते मला पत्र न वाचताही कळलं असतं. कोकणातल्या माणसाला शिमगा आणि गणपती चुकवा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. तेव्हा वात लावून जा. जुन्या सुती परकराची नाडी किंवा साडीची दोन बोटं रुंद पट्टी घे, पीळ घाल, आणि आधी पाण्यात चिंब भिजव; कोरडी वात पाणी ओढत नाही. एक टोक काडीने कुंडीत चार बोटं खोल खुपस, दुसरं शेजारी विटांवर ठेवलेल्या बादलीच्या तळाशी सोड. बादलीचा काठ कुंडीच्या वर राहील असं बघ. १४ इंची कुंडीला अशा दोन वाती लागतील. निघायच्या आधी दोन दिवस लावून बघ, बादली किती उतरते ते कळेल. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन गेलीस तर आणखी बरं, पण त्यांना मापाचं भांडं दाखवून ठेव. शेजारी प्रेमाने जास्त पाणी घालतात.

तिसऱ्या फोटोत पानाच्या बेचक्यात कापसाच्या पुंजक्यासारखं काहीतरी आहे आणि खोडावरून मुंग्या चाललेल्या दिसतात. तो पिठ्या ढेकूण. थोडाच आहे, घाबरू नकोस. कान साफ करायची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपून काढ. मुंग्या या ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्यांना इकडून तिकडे वाहून नेतात. चहाचा चोथा घालतेस का? दुधा-साखरेचा तसाच घातला की मुंग्यांना आमंत्रणच. घालायचाच तर धुऊन, वाळवून, तोही खताच्या डब्यात. एखादी कळी पांढऱ्या कागदावर झटकूनही बघ. स्वल्पविरामासारखे बारीक किडे सरपटले तर ते फुलकिडे. मग कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याचा साबण घालून, सूर्य मावळल्यावर फवार. किडे नसतील तर उगाच फवारू नकोस.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी पानं अर्धी गायब आणि खाली मिऱ्यांएवढी काळी लेंडकं दिसली, तर फांद्यांखाली वाकून शोध. शेपटाकडे शिंग असलेली लठ्ठ हिरवी अळी पानाच्या देठाला लटकलेली असते, अगदी समोर असून दिसत नाही. तिचा पुढे पारदर्शक पंखांचा पतंग होतो, भुंग्यासारखा फुलाजवळ हवेतच थांबून मध पितो. मी अळ्या हाताने उचलून गच्चीच्या कडेच्या फांदीवर नेऊन ठेवते आणि ती एक फांदी त्यांना सोडून देते. तुझं झाड अजून तेवढं दानशूर नाही, या वर्षी उचलून लांब टाक.

काढून टाकायचा विचार तर करूच नकोस. नवीन आणायला रोपवाटिकेत गेलीस तरी तेच. दुकानातली बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून ट्रकने येतात, मुळांभोवती चिकणमातीचा गच्च गोळा असतो. भुसभुशीत मातीत तो तसाच लावला की पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच. लोक म्हणतात, अनंत जगत नाही. शिवाय अनंत म्हणून दुहेरी तगर गळ्यात पडण्याची शक्यता वेगळीच. पान तोडून बघायचं, पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो, तो कॉफी आणि एक्झोऱ्याच्या कुळातला. आपल्या कोरड्या जंगलात त्याचा एक सख्खा भाऊही उगवतो, डिकेमाली. पूर्वी लहान मुलांच्या औषधात त्याचा डिंक असायचाच. तो मात्र खडकावर, उन्हात, कुणाच्या मिनतवारीशिवाय वाढतो. अनंत मूळचा दक्षिण चीन-जपानकडचा, भरपूर पावसाच्या मुलखातला. तेव्हा सासूबाईंना सांग, कोकणातलंही ते माहेर नव्हे, तिकडे त्याला फक्त माहेरासारखं वाटतं. शास्त्रीय नावातलं 'गार्डेनिया' म्हणजे बागही नाही बरं का. अमेरिकेतल्या चार्ल्सटनला अलेक्झांडर गार्डन नावाचे डॉक्टर होते, त्यांच्यावरून १७६१ च्या सुमारास ते नाव पडलं.

मोगरा जरूर लाव, पण अनंताच्या बदल्यात नाही. मोगऱ्याला तुझ्या गच्चीतलं पश्चिमेचं ऊन मानवेल, पाण्याच्या बाबतीतही तो इतका सोवळा नाही. सासूबाईंनाच त्याची कुंडी देऊन टाक.

खत या क्षणी काही नको. कळ्या असताना पोट भरायला गेलं की अनंत रुसतो. फुलं संपली की जुलैत चमचाभर अमोनियम सल्फेट पाच लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं लिटरभर दे. ते नत्रही देतं आणि मातीला थोडं आंबटही करतं. छाटणीही तेव्हाच, शेवटचं फूल कोमेजल्यावर लगेच. दिवाळीनंतर कात्री लावलीस तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापशील. छाटलेल्या फांद्यांतल्या वीतभर अर्ध-जून काड्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करून खिडकीत ठेव. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. एक रोप राखीव असलेलं बरं.

मे महिन्यात आईला फूल मिळेल का? २४ कळ्या धरल्या तर निम्म्या टिकतील असं धरून चाल, आणि पहिलं फूल वळवाच्या पावसाच्या आगेमागे. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी हिरवा पीळ सुटून टोकाला पांढरं दिसायला लागतं. तेव्हाच देठासकट, दोन पानांसह तोड आणि वाटीभर पाण्यात ठेव, सकाळपर्यंत घर भरून जाईल. पाकळ्यांना बोट लावायचं नाही, जिथे लागेल तिथे तासाभरात तपकिरी डाग उठतो. आईच्या अंबाड्यात खोचतानाही देठालाच धर. दुसऱ्या दिवशी फूल पिवळसर झालं तर ते खराब झालं असं नाही, अनंत तसाच वयात येतो. वास तेव्हाही असतो.

कुंडी बदलणं जूनअखेर, पाऊस लागल्यावर. आताची सगळी माती झटकून मुळं उघडी करू नकोस. वरचा आणि कडेचा तीन बोटं थर काढायचा, टरफलं-राख वेचून टाकायची, आणि एकच माप मोठ्या कुंडीत बसवायचं. दोन भाग लाल माती, एक भाग दोन पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, आणि मूठ-दोन मूठ भाताचं तूस, म्हणजे लाल माती चिकटून बसणार नाही. मग शेडनेट सोडून टाक आणि कुंडी चार महिने उघड्या पावसात राहू दे. वर्षभराचे क्षार तोच धुऊन काढेल.

त्या लाल मातीसाठी इथे पैसे मोजू नकोस. शिमग्याला जाताना गाडीच्या डिकीत दोन रिकामी पोती टाक, आणि मामीला सांगून विहिरीच्या वाटेवरच्या त्याच अनंताखालची माती पालापाचोळ्यासकट भरून आण. तूसही तिच्याचकडे मिळेल.